शेपटीतले पंधरा किलो

नाम्या, परवा साखऱ्याला जाऊन आलो. तेराव्याला येणं जमलं नाही. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून राहिला आणि मला त्यांच्याशी भांडता आलं नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "तू कदी कुनाशी भांडला की आता भांडशील?" तेरावं होऊन चार दिवस उलटल्यावर पोचलो, तेव्हा मंडप निघाला होता, पाहुणे परतले होते. एका अर्थी बरंच झालं. मला जे बोलायचं होतं ते गर्दीत बोलण्यासारखं नव्हतं.

त्याआधी केतकीचा फोन आला होता. शेवटच्या वर्षी आपल्या गटाची प्रमुख होती ती केतकी, आता परदेशात असते. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकात तुझ्यावर काही यावं आणि ते मी लिहावं, असं तिचं म्हणणं. "त्याला तू सगळ्यात जास्त ओळखायचास," असं ती म्हणाली. मी बरं म्हणून फोन ठेवला. तुझं शिक्षण काय, मागे कोण कोण राहिलं, हे ती कुणाकडूनही लिहून घेईल. मी तुझ्याशीच बोलणार आहे. गेली नऊ वर्षं तुझ्यासमोर ज्या एका गोष्टीबद्दल मी मिठाची गुळणी धरून बसलो, ती सांगणार आहे. अंकात छापायची की नाही, ते तिने ठरवावं.

आपली ओळख झाली तीच मुळी माझ्या हसण्यावरून. मी हिंगोलीतल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. शहरात आल्या आल्या 'काहून' गिळून 'का' म्हणायला शिकलो होतो. तू काहीच गिळलं नाहीस. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, मागच्या बाकावर काय चाललंय, आणि तू उभा राहून सांगितलंस, "लिहून राहिलो, सर." वर्ग हसला. मीही हसलो. संध्याकाळी मेसच्या रांगेत तू माझ्यामागे येऊन उभा राहिलास आणि हळूच म्हणालास, "तू हिंगोलीकडचा हायस ना? हसला तवाच वळखलं. बाकीचे मी येगळा हाय म्हून हसले, तू घाबरून हसला." मी तुला झटकायला गेलो आणि तोंडातून निघालं, "तुला काहून सांगू?" मग तू जो हसलास, तो वाढप्याने दोनदा डाव आपटेपर्यंत.

चार वर्षं एका खोलीत काढली आपण. मला ड्रॉइंग येत नव्हतं, ते तू शिकवलंस. माझी रेघ थरथरायची तेव्हा माझं मनगट धरून म्हणायचास, "श्वास सोडताना वढ, घेताना न्हाई." मला टायफॉइड झाला होता तेव्हा तू परीक्षेचा अभ्यास मोठ्याने वाचायचास, म्हणजे मला पडल्या पडल्या ऐकता यावा. तुला त्या परीक्षेत माझ्यापेक्षा कमी गुण पडले. मी तुला त्यावरून चिडवलंही होतं. कसला माणूस होतो मी!

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत तू मला साखऱ्याला नेलंस. सेनगावहून जीपच्या मागच्या फळीवर उभे राहून आलो. हिंगोलीत वाढूनही मी तिकडे कधी गेलो नव्हतो. तुझे वडील, आबा, अंगणात बसले होते. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "आबा, मेंढरं किती हायेत?" ते म्हणाले, "असतील की पन्नास-साठ." संध्याकाळी मेंढरं परतली. ती आत शिरताना मी सवयीने मोजत गेलो, तर आकडा नव्वदच्या पुढे गेला. तू माझा दंड धरून मला बाजूला घेतलंस. "मोजतो काहून? खरा आकडा सांगत न्हाईत आमच्यात. मेंढरं असू दे, लेकरं असू दे, समदं थोडं कमीच सांगायचं. नजर लागती." मला त्याची फार गंमत वाटली. हॉस्टेलवर परतल्यावर आठवडाभर मी सगळ्यांना ते सांगत सुटलो होतो. तू ऐकून घ्यायचास.

विमान अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी गटाने मिळून एक विमान आखायचं असतं. बांधायचं नसतं, उडवायचं तर नसतंच. पण कागदावर इतकं पूर्ण करायचं, की उद्या कुणी बांधायला घेतलं तर अडू नये. आपल्या सहा जणांच्या वाट्याला शेतावर फवारणी करणारं लहान विमान आलं. विषय ऐकल्यापासून तू वाद घालायला सुरुवात केलीस. "दोन एकराच्या तुकड्यावर हे वळायचं कुठं? फवारा माझ्या कपाशीवर अन् औषध शेजाऱ्याच्या मेंढरायवर!" मी म्हणायचो, सगळ्यांनी मिळून वापरायचं. तू म्हणायचास, "बांधाला बांध लागून असलेले दोघं भाऊ बोलत न्हाईत, अन् तू इमान वाटून देऊन राहिला." तो वाद मिटलाच नाही. आताशा कपाशीचं शेत दिसलं की माझा नवा मुद्दा तयार असतो, आणि सांगायला कोणी नसतं.

केतकीकडे पंख होते, तुझ्याकडे शेपूट आणि माझ्याकडे वजन. म्हटलं तर कारकुनी काम. प्रत्येकाने आपापल्या भागाचं वजन लिहून द्यायचं, मी ते तक्त्यात भरायचं, आणि कुठला भाग नाकापासून किती लांब आहे ते धरून विमानाचा तोल कुठे येतो ते काढायचं. तोल जागेवर नसेल तर बाकी सगळी मेहनत फुकट. त्यात शेपूट असते सगळ्यात लांब, म्हणून तिथला एक किलो पुढच्या दोन-तीन किलोंना भारी पडतो.

अशा कामात सगळेच थोडं कमी सांगतात, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वजन वाढलं की बोलणी खावी लागतात ना! केतकीचे आकडे मला हलके वाटले, मी परत पाठवले. तिने रागारागाने पुन्हा काढून दिले. इंजिनवाल्याशी माझा दोन दिवस अबोला होता. फक्त तुझा आकडा मी परत पाठवला नाही. तू एक्केचाळीस किलो लिहून दिलंस. मी कागद पाहिला आणि मनात म्हटलं, हा साखऱ्याचा, हा कमीच सांगणार. तुला न विचारता तक्त्यात छप्पन्न भरले. विचारायची गरजच काय होती? मी तुला सगळ्यात जास्त ओळखत होतो. उंटावरचा शहाणा मी. तर नाम्या, ते पंधरा किलो असे आले.

तोल मागे सरकला. मग इंजिन वीतभर पुढे न्यावं लागलं, त्यामुळे नाक लांबलं, चाकांची जागा बदलली, आणि इतकं सगळं हलल्यावर तुझी शेपूट वजन न वाढवता पहिल्यापासून आखावी लागली. तीन आठवडे तू बोर्डावर वाकून होतास. एकदा पेन्सिल खाली ठेवून म्हणालास, "विलास्या, शेपूट जड यायलीच काहून? म्या तर लई हलकी केली होती."

"तक्ता बराबर आहे," मी म्हणालो.

"एकडाव बघून तर घे."

"बराबर आहे म्हटलं ना."

तू पुन्हा पेन्सिल उचललीस. तक्ता संगणक कक्षात पडलेला असायचा, कुणीही उघडून पाहावा. केतकीने तुला विचारलंही, की तू स्वतः एकदा पाहिलास का. तू म्हणालास, "विलास्यानं भरला म्हंजे झालं." मी शेजारीच बसलो होतो. तेव्हा बोललो असतो तर फार तर पुन्हा तीन आठवडे गेले असते. पण सगळ्यांच्या मेहनतीवर मी बोळा फिरवला असं झालं असतं, आणि का केलं हे सांगावं लागलं असतं. तुझ्या तोंडावर कसं सांगणार होतो, की तू खोटं सांगतोस असं मला वाटलं?

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत ते मोठ्या हुद्द्यावर होते आणि दरवर्षी आपल्या कॉलेजातल्या एकाला ते बोलावून घेतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुझी ड्रॉइंग त्यांनी बराच वेळ पाहिली. "हे कोणी काढलं?" तू हात वर केलास. मला वाटलं, झालं, आपला नाम्या प्रयोगशाळेत गेला. खरं सांगतो, आनंद झाला आणि हेवाही वाटला. मग त्यांनी अहवालातल्या तुझ्या प्रकरणातली भागांची यादी घेतली आणि तिथेच पेन्सिलने बेरीज केली. एक्केचाळीस. माझ्या तक्त्याचं पान उघडलं. छप्पन्न. चष्मा काढून ते म्हणाले, "म्हणजे हे इंजिन तुम्ही पुढे नेलंत ते या पंधरा किलोंसाठी? जे शेपटीत नाहीतच?"

तू वाकून माझा तक्ता पाहिलास, वर्षभरात पहिल्यांदा. मग माझ्याकडे पाहिलंस. मी तोंड उघडलं होतं रे, एवढं तरी खरं धर. पण आवाज आला तो तुझा. "सर, चूक माझी हाय. आधी अंदाजानं जास्ती लिहून दिलं होतं. नंतरचा आकडा कळवायचा राहिला."

परीक्षक फार बोलले. ज्याला आपला आकडा वेळेवर सांगता येत नाही, त्याच्यामुळे बाकीच्या पाच जणांचं वर्ष वाया जातं, असं म्हणाले. तू मान खाली घालून ऐकलंस. मी माझ्या बुटांकडे पाहत राहिलो. गटात सगळ्यात कमी गुण तुला पडले. प्रयोगशाळेतून बोलावणं आलं ते मला, आणि पत्रात त्यांनी लिहिलं होतं, की नोंदी शिस्तीने ठेवणाऱ्या मुलांची तिथे गरज आहे. ते पत्र मी तुला वाचून दाखवलं, तेव्हा हे वाक्य गाळलं.

त्या दिवशी खोलीवर आल्यावर मी म्हणालो होतो, "नाम्या, तू कशाला..." तू टॉवेल खांद्यावर टाकून निघाला होतास. "दोघायनं बोलणी खाऊन काय करायचं? एकानं खाल्ली, झालं." तुला वाटलं असणार, माझ्या हातून चुकीचा आकडा पडला. अशी चूक कुणाकडूनही होते, आणि मित्राच्या चुकीवर तू पांघरूण घातलंस. ती चूक नव्हतीच. मी तुझ्यावर विश्वास ठेवला नव्हता.

त्याच उन्हाळ्यात हिंगोली परभणीतून वेगळी होऊन जिल्हा झाली. तू म्हणालास, "आपन न्हाई तर न्हाई, हिंगोली तर पुढं गेली." मी दक्षिणेला गेलो. तू दोन-तीन ठिकाणी अर्ज केलेस, सगळीकडे गुणपत्रिका मागितली. मग गोरेगावात अकरावी-बारावीचे गणिताचे क्लास काढलेस आणि म्हणालास, मजेत आहे. मजेत होतासही असं तुझे विद्यार्थी सांगतात. मला कधी खात्री करून घ्यावीशी वाटली नाही.

इकडे माझं कसं चाललंय ते तुला माहीत आहे. दिवसभर इंग्रजी, दुकानात हिंदी, आणि खोलीत कुणीच नाही. रविवारी सकाळी तुझा फोन. "काय करून राहिला?" एवढं ऐकलं की माझी जीभ सैल व्हायची. आता रविवारी मी उशिरापर्यंत झोपून राहतो. काल भाजीवाल्याने काही विचारलं आणि मी त्याला "न्हाई" म्हणालो. तो पाहतच राहिला. मला इतकं रडू आलं की भाजी तिथेच राहिली.

एकदा सांगता आलं असतं. मी सुट्टीवर येत होतो, नांदेडहून बसने वारंगा फाट्यावर उतरलो आणि तू मोटारसायकल घेऊन घ्यायला आला होतास. हॉटेलात भजी मागवली. ट्रकांच्या आवाजात तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, "विलास्या, एक सांग. ते पंधरा किलो कुठून आले होते?" सहा वर्षं झाली होती. म्हणजे सहा वर्षं तूही ते मनात ठेवलं होतंस. मी म्हणालो, "टायपिंगची चूक असंल." तू माझ्याकडे थोडा वेळ पाहिलंस. "बराबर," म्हणालास आणि मिरची उचललीस. पुढे रस्ताभर तू क्लासमधल्या पोरांच्या गमती सांगत होतास, मी मागे बसून हूं हूं करत होतो. मला आजही वाटतं, तुला सगळं कळलं होतं आणि फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मग हे दोन महिन्यांपूर्वीचं. तू फोनवर म्हणालास, "जरा कणकण हाय. डोळे थोडे पिवळे दिसून राहिले."

"डॉक्टरला दाखवलंस का?"

"झाडपाल्याचं औषध चालू हाय. थोडंसंच हाय रे."

मी म्हणालो, "बरं, आराम कर." आणि क्रिकेटचं काहीतरी बोललो. तू कावीळ अंगावर काढत होतास आणि नेहमीसारखं कमी सांगत होतास. सगळ्या जन्मात एकदाच तुझा आकडा वाढवून धरायचा होता नाम्या, आणि त्या वेळी मी तो जसाच्या तसा धरला. याबद्दल मी स्वतःला काय काय बोलतो ते इथे लिहीत नाही.

परवा वहिनींनी चहा केला. मी त्यांना धीर द्यायचा, तर त्यांनीच मला दिला. त्या आत गेल्यावर ओट्यावर आबा आणि मी उरलो. शेजारचे एक म्हातारे आले, त्यांना आबांनी माझी ओळख करून दिली. "नामदेवाचा दोस्त. दोघं मिळून इमान काढायले होते. आमच्यावाल्याचा एक आकडा सांगायचा राहिला अन् इमान तिथंच बसलं." शेजाऱ्यांनी मान हलवली, त्यांनी हे पुष्कळदा ऐकलेलं असणार. मीही ऐकलं होतं. तुझ्या लग्नात भर मांडवात आबा हे सांगत होते आणि तू सगळ्यांबरोबर हसत होतास. मी जिलबी खात होतो.

म्हातारे उठून गेले. मी आबांना सगळं सांगितलं. तू किती लिहून दिलं होतंस, मी किती भरलं, का भरलं, परीक्षकांसमोर कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं, सगळं. मला वाटलं होतं ते रागावतील. शिव्या देतील, एखाद वेळेस हात उगारतील. त्याची मी तयारी करून गेलो होतो. किंबहुना तेच घ्यायला गेलो होतो म्हण.

आबांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे त्याचा आकडा बराबर होता?"

"बराबर होता, आबा."

"अन् त्याला ठावं होतं, आपला बराबर हाय म्हून?"

"होतं."

"मंग म्या त्याला उगंच बोललो की रे." ते माझ्याशी बोलत नव्हते. "घरी आला तवा बोललो. लग्नात बोललो. आता दवाखान्यात नेताना, जीपमधी, माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं. तवा बी बोललो. म्हनलं, येळंवर सांगायचं तुला कदी जमलंच न्हाई. आधी बी न्हाई अन् आता बी न्हाई."

"मग तो काय म्हणाला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"व्हय म्हनला."

मी मन मोकळं करायला गेलो होतो नाम्या, आणि त्यांना हे देऊन बसलो. तू नऊ वर्षं त्यांच्यापासून जे दूर ठेवलंस, ते मी चहाचा एक कप संपेपर्यंत त्यांच्या पदरात टाकलं. चौकात सेनगावची जीप हॉर्न देत होती. मी उठलो नाही. आबांनीही जा म्हटलं नाही. आम्हा दोघांनाही तुझीच माफी मागायची होती आणि ओट्यावर आम्ही दोघंच होतो.